जॉर्ज राइट: १८६९ साली १४०० डॉलर पगार घेऊन बेसबॉल खेळणारा माणूस, त्याचं करिअर कुणी नीट सांगेल का?

निनाद_कोथरूड

नमस्कार मंडळी. माझा भाचा अमेरिकेत शिकतो, त्याच्यामुळे गेले दोन सीझन मी बेसबॉल बघायला लागलोय आणि आता खेळापेक्षा त्याचा इतिहासच जास्त ओढतोय. वाचता वाचता सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज नावाच्या टीमपाशी आलो, १८६९ची, उघडपणे सगळ्यांना पगार देणारी पहिली टीम म्हणतात तिला. कॅप्टन हॅरी राइट, आणि त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज टीमचा सगळ्यात महागडा खेळाडू. गंमत म्हणजे दोघं भाऊ क्रिकेटच्या घरातले, बाप क्रिकेट क्लबात नोकरीला!

मला तीन गोष्टी कळत नाहीयेत. एक, १८६९च्या आधी पैसे मिळतच नव्हते का, की मिळायचे पण लपून? दोन, हा जॉर्ज खरंच एवढा भारी होता का, कारण त्याचे नंतरचे आकडे बघितले तर १८७८ला ॲव्हरेज .२२५ दिसतं (म्हणजे हजार वेळा बॅटिंगला आला तर २२५ हिट), ते काही फार ग्रेट नाही. आणि तीन, १८७९ला टीमला चॅम्पियन केलं आणि लगेच पुढच्या वर्षी जवळजवळ खेळलाच नाही, असं का? दुखापत झाली होती का? जाणकारांनी जरा सविस्तर लिहा, घाई नाही.

जुना_स्कोअरर

निनाद, प्रश्न मस्त विचारलेत. तिसऱ्यापासून सुरू करायचा मोह होतोय कारण माझ्या मते जॉर्ज राइटची खरी स्टोरी तिथेच आहे, पण पहिल्याशिवाय ती कळणार नाही म्हणून क्रमाने लिहितो.

वडील सॅम राइट इंग्लंडहून आलेले, न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबात पगारी व्यावसायिक, म्हणजे ग्राउंड बघायचं, मेंबरांना शिकवायचं, मॅच खेळायची. हॅरीचा जन्म शेफील्डचा, १८३५. जॉर्ज न्यूयॉर्कमध्ये जन्मला १८४७ला, बारा वर्षांचं अंतर. तर या घरात खेळून पगार घेणं ही लाजेची गोष्ट नव्हतीच, ते वडिलांचं रोजचं काम होतं. बेसबॉलवाले मात्र तेव्हा सज्जन लोकांनी हौसेने खेळायचा खेळ म्हणून मिरवत होते आणि त्यांच्या असोसिएशनच्या नियमात पैसे घेणं बसत नव्हतं. जॉर्ज स्वतः १८६५ला फिलाडेल्फियाच्या क्रिकेट क्लबात व्यावसायिक म्हणून होता, विशीही गाठलेली नव्हती.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो, पैसे मिळायचे पण मागच्या दाराने. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जॉर्जच आहे. १८६७ला तो वॉशिंग्टनच्या नॅशनल्स क्लबकडून खेळला. त्या टीममधले बरेच जण कागदोपत्री सरकारी कारकून होते. जॉर्जच्या नावापुढेही कारकून लिहिलं होतं आणि ऑफिसचा पत्ता दिला होता २३८ पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यू. त्या जागेवर होती सार्वजनिक बाग! म्हणजे काम काय करत होता हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. त्याच वर्षी नॅशनल्स पश्चिमेकडे दौऱ्यावर गेले आणि हॅरी ज्या क्लबात होता त्या सिनसिनाटीला ५३-१० असं धुतलं. तिथल्या लोकांना हे फार लागलं, आणि पुढच्या दोन वर्षांत त्यांनी ठरवलं की आपणही बाहेरून तयार खेळाडू आणायचे.

१८६९च्या सीझनला असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना उघड परवानगी दिली. हॅरीने टीम बांधली, करार १५ मार्च ते १५ नोव्हेंबर, आठ महिन्यांचा. जॉर्जला १४००, हॅरीला स्वतःला १२००, पिचर ब्रेनर्डला ११००, थर्ड बेसच्या वॉटरमनला १०००, बाकीच्यांना ८००, राखीव खेळाडूला ६००. म्हणजे कॅप्टन, मॅनेजर, दौरे आखणारा, प्रॅक्टिस घेणारा सगळं एकटा हॅरी, आणि त्याच्यापेक्षा धाकट्या भावाला दोनशे डॉलर जास्त. आणि मूळचा सिनसिनाटीचा खेळाडू टीममध्ये एकच, फर्स्ट बेसचा चार्ली गूल्ड.

त्या वर्षी क्लबांविरुद्धच्या ५७ मॅच जिंकल्या, एकही हरले नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेल्वे जोडली गेली होती, तर सप्टेंबरात हे लोक थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन खेळून आले. एवढं करून सीझनच्या शेवटी क्लबच्या वहीत नफा किती उरला तर १ डॉलर ३९ सेंट. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण वर्षभरात क्लबने हात टेकले ते याच हिशोबापायी.

सॉफ्टबॉलवाली_जळगाव

मी शाळा-कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेय, शॉर्टस्टॉपलाच, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नावर बोलल्याशिवाय राहवत नाही. निनाददादा, जॉर्ज राइटला बॅटिंग ॲव्हरेजवरून मोजूच नका, तो मुळात फिल्डर म्हणून मोठा.

आधी हे डोळ्यांसमोर आणा की हातात ग्लोव्ह नाही. कुणाच्याच नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभं राहायचं, ओबडधोबड ग्राउंडवरून उसळत येणारा कडक बॉल उघड्या हातांनी अडवायचा आणि त्याच दमात फर्स्ट बेसला फेकायचा. आम्हाला चांगले जाड ग्लोव्हज असायचे तरी बॉल चुकून बोटाच्या टोकाला लागला की दोन दिवस वेणी घालता यायची नाही. हा माणूस वर्षानुवर्षं तसंच खेळला. आणि त्याचा हात इतका ताकदीचा होता की तो बेसच्या रेषेच्या बराच मागे उभा राहायचा, त्यामुळे इतरांच्या बाजूने निघून जाणारे बॉल त्याला मिळायचे. आज प्रत्येक शॉर्टस्टॉप मागेच उभा राहतो, आम्हालाही कोचने तेच शिकवलं, पण तेव्हा ते नवीन होतं.

दुसरी गोष्ट त्याची डोक्याची. समजा फर्स्ट आणि सेकंड बेसवर रनर आहेत आणि बॅटरने उंच सोपा कॅच उडवला. रनर बेसजवळच थांबतात, कारण कॅच झाल्यावर परत यायला लागेल. जॉर्ज काय करायचा, बॉलखाली जाऊन उभा राहायचा, आणि शेवटच्या क्षणी मुद्दाम खाली पाडायचा. आता बॅटर आउट नाही, म्हणून रनरना पुढे पळणं भाग, आणि ते तर बेसपाशी उभे! हा बॉल उचलून थर्डला, थर्डवरून सेकंडला, दोन जण आउट. हीच चाल पुढे बऱ्याच जणांनी उचलली आणि शेवटी १८९०च्या दशकात नियमच करावा लागला की असा उंच बॉल उडाला की अंपायर तिथेच बॅटरला आउट देणार. आजही सॉफ्टबॉलमध्ये तो नियम आहे, आम्ही तो परीक्षेसारखा पाठ केला होता.

आणि समोरच्या टीमला त्याची किती धास्ती होती याचा पुरावा १४ जून १८७०च्या मॅचमध्ये आहे, पण ती मॅच जुना_स्कोअरर यांनी सांगावी, त्यांच्याकडे जास्त माहिती दिसतेय.

जुना_स्कोअरर

सांगतो ना, ती मॅच सांगायला मला कधीही आवडतं. ब्रुकलिनचं कॅपिटोलिन ग्राउंड, समोर ॲटलांटिक्स. रेड स्टॉकिंग्ज दोन सीझन मिळून अजून हरलेले नाहीत, तिकीट पन्नास सेंट, तरी माणसांचा पूर. नऊ इनिंगनंतर ५-५. ॲटलांटिक्सवाले बरोबरीवर खूश होते, निघालेसुद्धा होते, पण हॅरी राइट म्हणाला नियमाप्रमाणे खेळ पुढे झाला पाहिजे. विचार करा, न हरण्याची एवढी मोठी मालिका हातात असताना बरोबरी घेऊन घरी जाता आलं असतं. नाही घेतली. दहाव्या इनिंगमध्ये ॲटलांटिक्सचे रनर बेसवर असताना जॉर्जने ताईंनी सांगितलेली तीच कॅच सोडायची चाल करून दोन आउट काढले. अकराव्यात रेड स्टॉकिंग्जनी दोन रन काढले, ७-५.

आता ॲटलांटिक्सची शेवटची बॅटिंग. जो स्टार्टने लांब बॉल मारला, तो प्रेक्षकांत गेला आणि रेड स्टॉकिंग्जचा फिल्डर मॅकव्हेला तो तिथून लवकर काढताच येईना, एक रन आला. मग आला त्यांचा कॅप्टन बॉब फर्ग्युसन. हा उजव्या हाताने खेळणारा, आणि उजव्या हाताचा बॅटर जोरात मारतो तो बॉल बहुतेक शॉर्टस्टॉपच्या बाजूला जातो. तर फर्ग्युसन सरळ दुसऱ्या बाजूला जाऊन डावखुरा उभा राहिला! कारण एकच, बॉल जॉर्ज राइटकडे जाऊ द्यायचा नाही. आणि त्याने मारला तो उजवीकडे, रन आला, बरोबरी झाली, पुढच्याच बॅटरच्या वेळी फिल्डिंगमध्ये गडबड झाली आणि फर्ग्युसनने धावत रन पूर्ण केला. ८-७.

एका फिल्डरला टाळायला समोरच्या टीमचा कॅप्टन, ऐन मोक्याच्या वेळी, आपला हात बदलून खेळतो. निनाद, तुमच्या ‘खरंच एवढा भारी होता का’ला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

त्यानंतर सिनसिनाटीत गर्दी ओसरली, खेळाडूंनी पगार वाढवून मागितले, आणि १८७०च्या नोव्हेंबरात क्लबने जाहीर केलं की पुढच्या वर्षी पगारी टीम ठेवणार नाही. हॅरी बोस्टनला गेला, जॉर्ज आणि आणखी दोघं त्याच्याबरोबर, आणि रेड स्टॉकिंग्ज हे नावसुद्धा. आजचे अटलांटा ब्रेव्ह्ज हे त्या बोस्टन टीमचे वारस. पहिल्या वर्षी, १८७१ला, जॉर्जच्या पायाला मोठी दुखापत झाली, निम्मा सीझन बाहेर, आणि चॅम्पियन झाले फिलाडेल्फियाचे ॲथलेटिक्स. मग १८७२ ते ७५ सलग चार वेळा बोस्टन. १८७६ला नॅशनल लीग सुरू झाली, २२ एप्रिलला फिलाडेल्फियात पहिली मॅच, आणि त्या लीगच्या इतिहासातला पहिला बॅटर जॉर्ज राइट. शॉर्टस्टॉपकडे बॉल मारून आउट झाला. ७७ आणि ७८ला पुन्हा बोस्टन चॅम्पियन.

पार्ल्याचा_आकडेबाज

मी जरा वेगळं मत मांडतो, राग नसावा. फर्ग्युसनचा किस्सा जबरदस्त आहे, पण एका किस्स्यावरून सगळं करिअर तोलायचं का? १८६९चे आकडे सांगतात .६३३ ॲव्हरेज आणि ५७ मॅचमध्ये ४९ होमरन. समोर कोण होतं ते बघा ना, त्यातल्या कितीतरी टीम म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून संध्याकाळी खेळणारे लोक, आणि हे आठ महिने रोज सराव करणारे. शिवाय पिचर तेव्हा बॉल खालून टाकायचा, फक्त ४५ फुटांवरून, आणि बॅटर सांगू शकायचा की मला उंच हवा की खाली. पिचर खरी लढत द्यायला लागला आणि कर्व्ह, म्हणजे हवेत वळणारा बॉल, टाकणारे वाढले तेव्हा जॉर्जची बॅट बसत गेली. १८७१ ते ७५ नॅशनल असोसिएशन या व्यावसायिक लीगमध्ये .३५०, नंतर नॅशनल लीगमध्ये .२५६. हा फरक मोठा आहे, फक्त वयावर ढकलता येणार नाही, ७६ला तो २९ वर्षांचाच होता.

आणि एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. ज्या जुन्या असोसिएशनने १८६९ला पगाराला परवानगी दिली तिनेच १८६७च्या डिसेंबरात कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या क्लबांना प्रवेश बंद केला होता. म्हणजे १८६९ला खेळाडूंना पगाराचा दरवाजा उघडला तो फक्त गोऱ्यांसाठी. ‘त्या काळातला सर्वोत्तम’ म्हणताना कितीतरी माणसं मैदानाबाहेर ठेवली होती हे विसरायला नको.

सॉफ्टबॉलवाली_जळगाव

शेवटचा मुद्दा अगदी बरोबर, तो यायलाच हवा होता. १८६९च्या आकड्यांचंही मान्य, ते मी स्वतः धरत नाही. पण फिल्डिंगला समोरची टीम कच्ची असून फार फरक पडत नाही हो, बॉल तोच, ग्राउंड तेच, हात उघडेच. आणि वय २९ म्हणताय ते ठीक, पण उघड्या हातांनी आणि तुटलेल्या पायाने काढलेली २९ वर्षं आहेत ती. ७७ला त्याला बोस्टनने सेकंड बेसला नेलं होतं आणि ७८ला परत शॉर्टला आणलं, .२२५ ॲव्हरेज असताना, आणि त्या वर्षी टीम चॅम्पियन झाली. ज्याची बॅट चालत नाही त्याला हॅरीसारखा हिशोबी माणूस नुसता भाऊ म्हणून रोज खेळवेल असं मला वाटत नाही.

निनाद_कोथरूड

वा, सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आकडेबाज, तुमचा मुद्दा पटला की बॅटर म्हणून त्याला जरा कमी धरायला हवं. पण तिसरा प्रश्न अजून राहिलाय, १८८०चं काय?

बोस्टनवासी_मी

इथे मी लिहितो. मी बोस्टनला राहतो आणि हाइड पार्कमध्ये जॉर्ज राइट गोल्फ कोर्स म्हणून महापालिकेचं मोठं मैदान आहे, १९३८ला सुरू झालेलं. तिथे बरीच वर्षं जातोय पण हा जॉर्ज राइट कोण हे तिथे खेळणाऱ्यांतल्याच बऱ्याच जणांना माहीत नसतं, मलाही नावावरून शोधता शोधता कळलं.

दुखापत वगैरे काही नव्हती. १८७९ला जॉर्ज भावाची टीम सोडून प्रॉव्हिडन्स ग्रेजचा मॅनेजर-कम-शॉर्टस्टॉप झाला आणि हॅरीच्या बोस्टनला मागे टाकून लीग जिंकला. मॅनेजर म्हणून त्याचं ते एकमेव वर्ष. ७२ ते ७९ या आठ सीझनमधलं त्याचं सातवं विजेतेपद. आणि लगेच सप्टेंबरच्या शेवटी बफेलोत लीगच्या मालकांची बैठक झाली, गुपचूप ठरलं की प्रत्येक क्लबने आपले पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि बाकी कुणी त्यांना घ्यायचं नाही. आयपीएलमध्ये रिटेन करतात तसं वाटेल, पण इथे खेळाडूला कुणी विचारतच नव्हतं आणि लिलावात जायची सोयही नव्हती, मालकाने ठेवलं की तिथेच खेळा नाहीतर घरी बसा. कारण पगार. खेळाडू इकडून तिकडे गेले की पगार वाढतात, ते थांबवायचं होतं.

प्रॉव्हिडन्सने जॉर्जला त्या पाचांत धरलं. जॉर्जला बोस्टनला परत यायचं होतं, त्याचं घर आणि दुकान दोन्ही इथे. प्रॉव्हिडन्सला तो नाही म्हणाला आणि लीग त्याला दुसरीकडे खेळू देईना. १८८०ला बोस्टनकडून फक्त एक मॅच खेळला. ८१लाही मोजक्याच. बाकीच्या चौघांसारखे बहुतेक खेळाडू मुकाट राहिले कारण खेळ सोडला तर खायचं काय. जॉर्ज नाही म्हणू शकला कारण त्याचं दुकान चालत होतं. १८७१ला बोस्टनला आल्या आल्या त्याने खेळाच्या सामानाचं दुकान टाकलं होतं, ७९ला हेन्री डिट्सन भागीदार झाला आणि राइट अँड डिट्सन ही फर्म उभी राहिली. बेसबॉल, क्रिकेट, आणि नंतर खास करून टेनिस. अमेरिकेच्या टेनिस चॅम्पियनशिपला त्यांचेच बॉल असायचे. पुढे स्पाल्डिंग या खेळाच्या सामानाच्या कंपनीने ती घेतली तरी नाव तेच ठेवलं.

त्या राखीव यादीचा नियम मग पाचावरून वाढत वाढत सगळ्या खेळाडूंना लागला आणि मोडला कधी तर १९७५च्या डिसेंबरात, लवादाच्या निर्णयाने. शहाण्णव वर्षं!

जुना_स्कोअरर

हेच मला म्हणायचं होतं. १८६७ला खोट्या कारकुनीवर खेळणारा, ६९ला उघड पगार घेणारा, ७१ला आपल्या मर्जीने शहर बदलणारा आणि ७९ला बांधून घातलेला, हा एकच माणूस आहे. पहिल्या पिढीच्या व्यावसायिक खेळाडूला दहा वर्षं जे स्वातंत्र्य मिळालं ते त्याच्या डोळ्यांदेखत गेलं.

आणि प्रॉव्हिडन्सशी भांडण कायमचं नाही राहिलं. १८८२ला हॅरी प्रॉव्हिडन्सचा मॅनेजर झाला तेव्हा जॉर्ज तिथे परत जाऊन खेळला, ॲव्हरेज .१६२, तो शेवटचा सीझन. १८८४ला बोस्टनमध्ये युनियन असोसिएशनची टीम उभी राहिली तिच्यामागेही तो होता, आणि ती लीग मुळात राखीव यादीच्या विरोधातच निघालेली. एकच वर्ष टिकली.

बोस्टनवासी_मी

क्रिकेटवाल्यांसाठी दोन गोष्टी राहिल्या. १८७४ला बोस्टन आणि ॲथलेटिक्स बेसबॉल दाखवायला इंग्लंडला गेले तेव्हा लॉर्ड्सवर एमसीसीविरुद्ध क्रिकेटही खेळले, अर्थात अठरा खेळाडू घेऊन, आणि दौऱ्यात क्रिकेटची एकही मॅच हरले नाहीत. राइट बंधू होते म्हणून ते जमलं. आणि १८८८-८९च्या स्पाल्डिंगच्या जगदौऱ्यात जॉर्ज अंपायर म्हणून गेला होता, त्यात ते ऑस्ट्रेलियाहून कोलंबोला थांबून तिथेही बेसबॉल खेळले, मग इजिप्तमध्ये पिरॅमिडांपाशी. आपल्या एवढं जवळ येऊन गेलेत.

मुलगा बील्स राइट टेनिसमध्ये १९०५चा अमेरिकन चॅम्पियन. १८९९ला जॉर्जच पोरांना घेऊन, त्यात ड्वाइट डेव्हिसही होता, पश्चिम किनाऱ्यावर टेनिस खेळवायला घेऊन गेला, आणि डेव्हिस कपची कल्पना त्या दौऱ्यातून आली असं मानतात. १८९०ला बोस्टनच्या फ्रँकलिन पार्कमध्ये परवानगी काढून गोल्फही खेळून दाखवलं.

पार्ल्याचा_आकडेबाज

माझं बॅटिंगबद्दलचं मत तेच आहे, पण १८८०चा भाग मला अजिबात माहीत नव्हता. हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर लोकांच्या सन्मानयादीत, त्याला बॅटिंगवर घेतलं की या सगळ्यावर?

जुना_स्कोअरर

आकड्यांवर मतदान झालंच नाही. १९३७च्या डिसेंबरात बेसबॉलच्या शतकमहोत्सवासाठी नेमलेल्या समितीने त्याला जुन्या काळातला म्हणून निवडलं. ऑगस्टमध्येच तो बोस्टनला वारला होता, नव्वदाव्या वर्षी. आणि हॅरीला, ज्याने ती टीम बांधली, त्याला १९५३पर्यंत थांबावं लागलं. तो वारला होता १८९५ला. हॅरीवर वेगळा धागा काढा कुणीतरी, मी लिहितो.

निनाद_कोथरूड

उद्याच काढतो.